उजव्या खांद्यावरचा पट्टा

१

“कॅप्टनसाहेब, तुमचा घोडा कुठे बांधलाय?”

सभागृह चिडीचूप झालं. फक्त दहावीच्या बाकांवरून दाबलेली खीखी ऐकू आली, कारण हा प्रश्न विचारायला सुलभा सहस्रबुद्धेला उठवलं होतं तिथूनच. मंगला आणि माधवी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचं म्हणणं असं, की सुलभा वर्गात कितीही टिवटिव करो, पाहुण्यांसमोर तिची दातखीळ बसेल. तशी ती बसली तर दोघींना सुलभाकडून पोटभर पोंकवडे, म्हणजे हुरड्याचे वडे. पण सुलभाची दातखीळ आता बसायची नव्हती. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून ती आरशासमोर वेणी घालतानासुद्धा “अध्यक्षमहाराज” म्हणून सुरुवात करत होती.

“सुलभा! खाली बैस,” मुख्याध्यापक शालिग्राम सर दातांतल्या दातांत म्हणाले. त्यांचा एक डोळा पहिल्या रांगेतल्या मगनशेठांवर होता. मगनशेठ म्हणजे गोपीपुऱ्यातले जरीचे मोठे व्यापारी आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. गेल्या श्रावणात तापीची रेल आली, म्हणजे पूर आला, आणि अर्धं सुरत पाण्याखाली गेलं, तेव्हा शाळेच्या पडक्या भिंती त्यांनीच पुन्हा उभ्या करून दिल्या होत्या.

“बसू नको गं,” कॅप्टन विनायक घारपुरे मिशीतून हसले. ते हल्ली चलथाणच्या कारखान्यात ऊसगाड्यांची व्यवस्था बघत, पण चालत मात्र अजून बँडच्या तालावर. “प्रश्न बरोबर आहे. घोडा नाही, मग टाचेला हे काटे कशाला?”

मंचावर शिवणाच्या वर्गातला पुतळा उभा होता. त्याला कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या हातांनी सजवलं होतं. निळी घट्ट बंडी, बुटाखालून पट्टी घेतलेली चिंचोळी विजार, टाचांवर लखलखीत काटे, डाव्या कमरेला तलवार. शाळेनं भरवलेल्या प्रदर्शनातली बाकीची पदकं आणि फोटो त्या पुतळ्यापुढे अगदी बापुडवाणे दिसत होते.

“आमचं कोअर, म्हणजे दल, लढणाऱ्यांचं नव्हे, पोचवणाऱ्यांचं,” कॅप्टन सांगू लागले. “पीठ, डाळ, चारा, दारूगोळा. इंग्रजांच्या फौजेत हे सगळं आधी घोड्यांच्या गाड्यांतून जायचं आणि अफसर शेजारून घोड्यावर. पुढे लॉऱ्या आल्या. घोडे खात्यानं परत घेतले. काटे मागायला विसरले!”

हशा उसळला.

“खरंच! लॉरीत बसणारा माणूस, पण मेजवानीला जाताना टाचेला काटे. एकदा एका मेमसाहेबांचा झगा माझ्या काट्यात अडकला, आणि मी सलाम ठोकून मागे सरकलो तो झग्याची वीतभर झालर घेऊनच!”

मग त्यांनी पुतळ्याच्या छातीवरच्या जरीच्या रुंद पट्ट्याला हात लावला. तेव्हा मात्र त्यांचा आवाज हळू झाला.

“हा माझ्या कर्नलचा. देश सोडून जाताना त्यानं स्वतःच्या अंगावरून काढून माझ्या गळ्यात घातला. डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत, जानवं घालतो तसा. ही चामडी डबी पाठीवर. घोडेस्वार तीत काडतुसं ठेवायचे, म्हणजे लगाम धरलेल्या हातांना अडचण नाही. आणि गंमत सांगू? यातली जर सुरतेची आहे. इथून विलायतेला गेली, तिथून कर्नलच्या अंगावर बसून परत आली.”

पहिल्या रांगेत मगनशेठ खुर्चीच्या काठावर सरकले. “वाह! अमारा बापूजीनी किनार!” ते शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले. “आमच्याच पेढीची!”

सुलभानं पैज जिंकली आणि पोंकवडे खाल्ले. हे झालं शनिवारी.

सोमवारी सकाळी फोटोग्राफर येणार म्हणून कॅप्टनसाहेब लवकर आले. सभागृह उघडलं. दारातच ते थबकले.

“हे काय? अपसव्य? कुणाचं श्राद्ध आहे?”

पट्टा पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर होता. चामडी डबी पाठीवर नव्हती. छातीवर, मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. कॅप्टन पुढे झाले, पट्टा बोटांत धरून त्यांनी वजन घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“डबी माझी आहे,” ते म्हणाले. “पट्टा माझा नाही.”

२

शालिग्राम सरांचा तपास चहाचा कप निवायच्या आत आटोपला.

नवा पट्टा खोट्या जरीचा होता, तांब्याच्या तारेचा, तांबड्या कापडावर घाईनं टाचलेला. जुनी खरी जर जाळली की चांदी निघते हे सुरतेत शेंबड्या पोरालाही माहीत. सभागृहाची किल्ली असते सरलाबाईंकडे. सरलाबाई शाळेच्या जुन्या बाई, पाणी भरायच्या, घंटा द्यायच्या. त्यांचा नवरा धुडकू मगनशेठांच्याच कारखान्यात जरीच्या फिरक्या भरायचा.

“किल्ली बायकोची, जर नवऱ्याची. अजून काय हवं?” सर म्हणाले. “सरलाबाई, शुक्रवारपर्यंत पट्टा आणून द्या, मी पोलिसांत जाणार नाही. तोवर शाळेत पाऊल टाकू नका.”

सरलाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि एकच बोलल्या, “मी नही लिधं, साहेब.”

खिडकीबाहेर दोन वेण्या कान लावून उभ्या होत्या. एक सुलभाची. दुसरी मंगलाची, आणि मंगला ही सरलाबाईंचीच लेक. पैजेच्या पोंकवड्यांत चटणी जास्त मागणारी, गणितात सुलभाला पुरून उरणारी मंगला आता भिंतीला टेकून नखं खात होती.

“आईचं काम गेलं तर मागची खोलीपण जाईल,” ती म्हणाली. शाळेच्या मागच्या अंगणात त्यांची एक खोली होती. “मग आम्ही गावाला. नंदुरबारच्या पलीकडे. तिथे मुलींना सातवीच्या पुढे शाळा नाय. माझं मॅट्रिक संपलंच म्हण.”

“काहीतरीच! असं कसं संपेल?”

“तू ढालवाली आहेस, तुला सगळं सोप्पं वाटतं.”

हे सुलभाला झोंबलं. ढालीचा उल्लेख कौतुकाशिवाय झाल्याची ही पहिलीच वेळ.

“ऐक,” ती म्हणाली. “चोरायचंच होतं तर चोरानं पट्टा काढला असता आणि तो पळाला असता. नवा पट्टा घातला म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये असं वाटत होतं. बरोबर? मग इतकी मेहनत केली आणि घातला चुकीच्या खांद्यावर? डबी पुढे? हे असं का?”

“घाई असेल.”

“घाईत माणूस हाताला सवय असते तेच करतो,” सुलभा म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच दोन क्षणांनी कळलं.

३

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुलभाच्या तपासाचा बँडबाजा सुरू झाला. दप्तरात तिनं आईच्या जुन्या साडीचा लांब काठ घेतला होता आणि त्याला कंपासपेटी शिवून टाकली होती, डबी म्हणून.

रविवारी सभागृहात कोण कोण गेलं हे सरलाबाईंकडूनच कळलं. पाठीमागच्या खोलीत चुलीपाशी बसून त्यांनी आपल्या अहिराणीत सांगितलं, “मालतीबाई वनी व्हती, फीत इसरी गयथी ती लेवाले. मंग तो परकास, बुटेस्ले पालिश कराले. सांजले शेठ वनात, सून लई. शेठ मन्हे, माले मागली खोलीमा रेलमा भिजेल बाकडा दखाड. मी दखाडा. बस, मंग कुलूप लाई दिन्हं.”

“म्हणजे मालतीबाई, प्रकाश, आणि सुनेला घेऊन शेठ. हे सरांना सांगितलंत?”

“सांगं ना. साहेब मन्हे, शेठनं नाव काय लेतीस, शेठ का चोर शे?”

मालतीबाई शिवण शिकवायच्या. फीत गळ्यात अडकवल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. “मी चोरेन? अगं, तो पुतळा माझा. त्याला मी कालपर्यंत परकर नेसवत होते!” त्या उसळल्या. मग सुलभानं दिलेला काठ पाहून हसल्या. “हे काय खूळ? घालून दाखवू? हे घे.” त्यांनी काठ डाव्या खांद्यावरून घेतला, कंपासपेटी पाठीवर टाकली.

प्रकाश हा कॅप्टनसाहेबांचा पुतण्या, कॉलेजात एनसीसीचा सार्जंट. इंग्रजांच्या नावानं तो सदा बोटं मोडायचा.

“काकांना सांगतो मी, फेकून द्या ती गुलामगिरीची झूल,” तो म्हणाला. “पण चोरायची गरज काय? मी नको म्हटलं तरी शेवटी माझ्याच गळ्यात पडणार आहे ते सगळं.”

“मग बुटांना पॉलिश कशाला केलंस?”

तो जरा ओशाळला. “बूट चांगले आहेत गं. विलायती कातडं.” आणि काठ त्यानं खटकन डाव्या खांद्यावर चढवला, वर टाच जुळवून सलामही ठोकला.

उरले धुडकूकाका. शनिवारी ते सभागृहात नव्हते, कॅप्टनसाहेबांचं सांगणं त्यांनी ऐकलंच नव्हतं. चूक कुणी करायची तर त्यांनीच. तिनं काठ पुढे केला. मंगला शेजारी उभी, ओठ घट्ट मिटून.

धुडकूकाकांनी काठ निरखला. “खोटी जर शे,” म्हणाले. मग कारखान्यात जरीच्या लडी टाकतात तसा सहज डाव्या खांद्यावर टाकला. उजवा हात कामाला मोकळा हवा ना! पेटी आपसूक पाठीमागे गेली.

मंगलानं श्वास सोडला. सुलभानंही. पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की हे सगळं छान झालं खरं, पण आता करायचं काय? ज्यांच्यावर संशय घ्यावा ते सगळेच डाव्या खांद्याचे निघाले होते.

मग उजव्या खांद्याचं माणूस आणायचं कुठून?

४

त्या संध्याकाळी सुलभाच्या आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गोपीपुऱ्यातल्या मगनशेठांच्या माडीवर सहस्रबुद्धे भाड्यानं राहत. सुलभाचे बाबा बँकेत होते. समोर शेठांचं घर, मध्ये चौक, आणि हळदीकुंकवाला मराठी बायका जेवढ्या तेवढ्याच आळीतल्या गुजराती बायकाही.

“तिळगूळ दे, तोंड वासून उभी राहू नको,” आई म्हणाली. “आणि अत्तर लाव. मनगटाला. नाकाला नव्हे!”

सुलभा अत्तरदाणी घेऊन रांगेतून फिरत होती. या बाजूला बँकेतल्या, शाळेतल्या, पोस्टातल्या काकू. त्या बाजूला कांताबेन, शांताबेन, समोरच्या मासी.

“अरे वाह, आ शालू केवो सरस!” आई एका मासींना म्हणाली. आईचं गुजराती आईसारखंच, धिटाईनं चालणारं आणि मध्येच ठेचकाळणारं. मासींनी खूश होऊन पदर हातांनी पसरून दाखवला. मोर होते त्यावर, जरीचे.

तो पदर मासींच्या छातीवर पसरला होता. पाठीमागून येऊन, उजव्या खांद्यावरून पुढे.

सुलभाचा हात थांबला. तिनं या बाजूला पाहिलं. सगळ्या मराठी काकूंचे पदर डाव्या खांद्यावरून मागे गेलेले. नक्षी पाठीवर. तिनं त्या बाजूला पाहिलं. सगळ्या बेनांचे पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेले. नक्षी छातीवर, सगळ्यांना दिसेल अशी.

पुन्हा या बाजूला. पुन्हा त्या बाजूला. अत्तर शांताबेनच्या मांडीवर सांडलं.

“सुलभे!”

जन्मापासून या चौकात राहून तिनं हे रोज पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. जिच्या हाताला लहानपणापासून उजवा खांदा आणि पुढे नक्षी हेच माहीत, ती घाईत पुतळ्याला पट्टा कसा नेसवेल? तसाच नेसवेल! डबी ही नक्षी. ती कोण पाठीमागे लपवेल? सरलाबाईंचा पदरही डावाच; त्यांनी न बघता घातला असता तरी कॅप्टनसाहेबांनी घातला तसाच बसला असता, डाव्या खांद्यावरून, डबी मागे.

शनिवारी सभागृहात नव्हती, रविवारी सभागृहात आली, आणि शेठ सभागृहाच्या मागच्या खोलीत बाकं बघत असताना पुतळ्यापाशी एकटीच उरली, अशी एकच गुजराती बाई होती.

“आई,” सुलभानं विचारलं, “हंसाभाभी का नाही आल्या?”

“कोण जाणे. दरवर्षी पहिल्या येतात. शेठ सोमवारीच मुंबईला गेलेत, तेव्हापासून वरच्या खोलीतून खाली उतरल्या नाहीत म्हणे. काहीतरी काम घेऊन बसल्यात.”

५

हंसाभाभी म्हणजे शेठांची सून. चौकातल्या मुलींना पतंगाचा मांजा धरून देणारी, हसताना पदर तोंडात कोंबणारी. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे सुलभाला कसनुसंच वाटलं. म्हणून तिळगुळाची वाटी घेऊन ती सकाळी वर गेली आणि काही न विचारता फक्त तो साडीचा काठ पुढे केला.

“भाभी, आमच्या नाटकात शिपायाचा पट्टा आहे. कसा घालू? तुम्ही दाखवा ना.”

“एमां शुं? त्यात काय?” हंसाभाभीनं काठ घेतला, उजव्या खांद्यावरून पुढे आणला, कंपासपेटी छातीवर नीट मध्यावर बसवली, आणि मान वाकडी करून बघितलं. “सरस लागे छे ने?”

सुलभा त्या पेटीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता हंसाभाभीचं हसू उतरलं. तिनं छातीवरच्या पेटीकडे पाहिलं. मग सुलभाकडे.

“उलटा घातला मी? तिथे?”

“उलटा.”

हंसाभाभी खाली बसली. मग उठून तिनं खिडकीजवळच्या पाटावरचं मलमल बाजूला केलं. कॅप्टनसाहेबांचा पट्टा तिथे पसरला होता, एकही तार न दुखवता, टाचण्यांनी ताणून. शेजारी भिंग होतं, आणि चौकटीचा मोठा कागद. त्यावर लाल-पिवळे ठिपके भरत भरत पट्ट्याची निम्मी नक्षी उतरली होती.

“ससराजींच्या बापूजींनी ही किनार काढली,” ती हळूहळू सांगू लागली, अर्धं मराठी, अर्धं गुजराती. “पेढीतले सगळे नमुने तळघरात होते. रेल आली, सगळं गेलं. चिखल राहिला. ससराजी बाहेर कुणाला सांगत नाहीत. पेढीची आबरू जाईल ना. आता विलायतेहून विचारणा आलीय, त्या फौजी पोशाखांची, हीच किनार पाहिजे म्हणून. आणि ससराजी रोज रिकाम्या कपाटांसमोर बसून राहतात. शनिवारी जेवताना म्हणाले, हंसा, आज आपली किनार बघितली. डोळ्यांत पाणी होतं.”

“मग कॅप्टनसाहेबांना मागायची!”

“मागितली तर नमुने गेले हे कळलं ना सगळ्यांना. मी ठरवलं, खोट्या जरीचा पट्टा घालून ठेवते, खरी नक्षी गुपचूप उतरवून घेते, पुढच्या रविवारी परत घालते. कुणाला कळणार? ससराजींनाही नाही सांगितलं.” तिनं मान वर केली. “कळलं का कुणाला?”

शेठ मुंबईला आणि ही सोमवारपासून या खोलीत. हिला काहीच माहीत नव्हतं.

“भाभी, सरलाबाईंना घरी बसवलंय. शुक्रवारी पोलीस येणार आहेत.”

हंसाभाभीनं टाचण्या उपटायला सुरुवात केली. बोटाला रक्त आलं तरी थांबली नाही.

६

तासाभरात सुलभा आणि हंसाभाभी कॅप्टनसाहेबांच्या दारात होत्या. कॅप्टनसाहेबांनी पट्टा दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि मग हंसाभाभीनं पुढे केलेला ठिपक्यांचा कागद त्याहून जास्त वेळ बघितला.

“हे तुम्ही काढलं? नुसत्या नजरेनं?” ते म्हणाले. “बेन, पट्टा घेऊन जा आणि नक्षी पुरी करा. माझ्या कर्नलची किनार पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढणार असेल तर मला आनंदच आहे. फक्त एक. त्या बाईंचं काय?”

त्यांनी स्वतः शालिग्राम सरांना गाठलं, सगळं सांगितलं, “बाईंची माफी मागा,” असंही सांगितलं, आणि चलथाणला निघून गेले. तिथे उसाचा हंगाम भरात होता, गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या.

दुपारी फळ्यावर सूचना लागली: ‘प्रदर्शनातील पट्टा मिळाला आहे. विषय संपला आहे. सरलाबाईंनी कामावर रुजू व्हावे.’

“सर, एवढंच?” सुलभा थेट त्यांच्या खोलीत गेली. “कुणी घेतला होता ते?”

“सुलभा, तू हुशार आहेस, शाबास.” सरांनी चष्मा पुसला. आवाज अगदी मऊ. “पण हे बघ, शेठांच्या घरातलं नाव फळ्यावर लिहायचं का? भिंती त्यांनी बांधल्या. सरलाबाईंना काम परत मिळालं ना? मग कुणाचं नुकसान झालं?”

नुकसान तिला नळावर ऐकू आलं. आठवीच्या मुली पाणी पीत होत्या.

“मिळाला म्हणे.”

“मिळणारच. पोलिसांचं नाव काढल्यावर आणून ठेवला असेल गुपचूप.”

“तरी ठेवलं कामावर. सर देवमाणूस आहेत बाई.”

नळाच्या पलीकडे मंगला घागर घेऊन उभी होती. तिनं ती भरली नाही. रिकामीच उचलून ती मागच्या खोलीकडे गेली, आणि सुलभा तिच्यामागे धावली तेव्हा आत बोचकी बांधायला काढली होती.

“आई येणार नाय कामावर,” मंगला तिच्याकडे न बघता म्हणाली. “म्हणते, चोर म्हणून घंटा कोण देईल? आम्ही परवा निघतोय.”

“पण मला माहितीय ना ती चोर नाही! तुला माहितीय, सरांना माहितीय...”

“तुम्हाला माहितीय,” मंगला म्हणाली. “बाकीच्या पोरींना कुठे माहितीय?”

सरलाबाईंनी सुलभासमोर गुळाचा खडा ठेवला. “तू कसाले रडस, बेटा? तू तं बहुत करं मन्हासाठी.” आणि पुन्हा तव्याभोवती फडकं गुंडाळायला लागल्या.

संध्याकाळी सुलभा समोरच्या घरी गेली आणि चौकात उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. हंसाभाभीनं ऐकून घेतलं. रिकाम्या कपाटांच्या तळघराकडे एकदा पाहिलं.

“मारुं नाम लेजे,” ती म्हणाली. “माझं नाव घे. मी येईन उद्या शाळेत. मागे उभी राहीन.”

“आणि शेठ?”

“ससराजी परवा येतील. त्यांना मी सांगते. ते माझं काम.”

७

जेवायची पानं मांडली होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि आईकडे बघून म्हणाले, “आज शालिग्राम सर बँकेत आले होते.”

“पैसे भरायला?”

“नाही. सुलभाबद्दल बोलायला. म्हणाले, पोरगी तल्लख आहे, पण शेठांच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नये एवढं तिला समजवा. मी म्हटलं, समजवतो.” बाबांनी पाण्याचा पेला सरकवला. “सुलू, हे घर शेठांचं आहे. सुरतेत अशी जागा पुन्हा मिळायची नाही. शेठ वाईट नाहीत, पण सुनेचं नाव चार लोकांत घेतलं तर कोणता सासरा गप्प बसेल? पट्टा मिळाला, बाईंचं काम मिळालं. आता पुरे.”

“सरलाबाई कामावर येणार नाहीत, बाबा. त्या गाव गाठतायत. मंगलाचं मॅट्रिक...”

“वाईट झालं,” बाबा म्हणाले, आणि ते खरंच वाईट वाटून म्हणाले.

आईनं सुलभाच्या पानात भात वाढला, आणि वाढतच राहिली, वरण मागे राहिलं तरी.

सुलभानं हात धुतले. पान तसंच होतं. वर्गात, मंचावर, आरशासमोर ती नेहमी ज्या आवाजात बोलायची तो आवाज तिनं शोधला आणि तो सापडला नाही. त्याहून साधा, जरा कापरा असा एक आवाज निघाला.

“आई, बाबा, मी तुम्हाला विचारत नाहीये, आधी सांगतेय. उद्या प्रार्थना झाली की मी मंचावर चढणार. सरलाबाईंनी पट्टा घेतला नाही हे सगळ्या शाळेसमोर सांगणार. कुणी घेतला, का घेतला, कसा ओळखला, तेही. हंसाभाभीचं नाव घेणार. ती मागे उभी असेल. मग तिथून मंगलाकडे जाऊन त्यांची बोचकी सोडवणार. आणि शेठांनी घर सोडा म्हटलं, तर तुमच्या आधी माझी पुस्तकं मी बांधून ठेवीन.”